दोन्ही बाजूंचे पेडणेकर

पेडणेकरकाकांकडे कुठलीही तक्रार घेऊन गेलं की ते आधी एकच प्रश्न विचारत, "समोरच्याचं काय म्हणणं आहे?" हा प्रश्न त्यांनी मला आमच्या ऑफिसातल्या खडूस मॅनेजरबद्दल विचारला, दोनदा येऊनही बॉयलर दुरुस्त न करणाऱ्या प्लंबरबद्दल विचारला आणि एकदा आमच्या खिडकीच्या कठड्यावर घरटं करून बसलेल्या कबुतराबद्दलही विचारला. कबुतराशी माझं बोलणं झालेलं नाही, असं मी सांगितलं. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "मग तुझी अर्धीच केस आहे."

मी आणि माझा नवरा अभय दोन हजार दोन साली नागपूरहून वेम्बलीला आलो ते त्यांच्याच घरात, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचे भाडेकरू म्हणून. ईलिंग रोडच्या मागच्या गल्लीतलं घर. खाली पेडणेकरकाका आणि माई. काका मूळचे वेंगुर्ल्याचे, उंच, किडकिडीत, बारा महिने एकच तपकिरी कार्डिगन. माणसाला ते त्याच्या गावाच्या नावाने हाक मारत. मी नोकरीवरून परतले की खालून आवाज यायचा, "काय नागपूर, आज कुणाशी भांडलीस?" अभयही नागपूरचाच, पण एका घरात दोन नागपूर नकोत म्हणून त्याला 'वर्धा' करून टाकलं होतं.

काका तीस वर्षं एका स्टेशनच्या तिकीट खिडकीत बसले. पण विचारलं तर सांगत, "मी मुळात अमेरिकेलाच निघालो होतो." ते खरंही होतं. तरुणपणी अमेरिकेतल्या नोकरीचं पत्र खिशात घालून ते निघाले, वाटेत पंधरा दिवस लंडनला मावसभावाकडे उतरले आणि तेवढ्यात तिकडची नोकरी रद्द झाली. ते पंधरा दिवस अजून चालूच आहेत, असं माई म्हणायच्या. काकांनी अमेरिका कधीच पाहिली नाही. न्यू जर्सीच्या मेव्हण्याने कितीदा बोलावलं, तर यांचं उत्तर एकच. "प्रत्यक्ष पाहिलं की मत बनतं."

न पाहिलेल्या त्या देशाचा त्यांचा अभ्यास मात्र अफाट होता. रिटायर झाल्यावर त्यांनी लायब्ररीच्या वरच्या खोलीत दर शनिवारी तीन वाजता वर्ग सुरू केला. दारावर स्वतःच्या अक्षरात कागद लावला होता. 'अमेरिकेची माणसं, कुणाचीही बाजू न घेता.' दहा-बारा लोक यायचे. निम्मे निवृत्त मराठी मंडळी, निम्मे आमच्यासारखे व्हिसावाले, ज्यांना शनिवारी दुपारी फुकट गरम खोली हवी असायची.

वर्गाचे नियम होते. फळ्यावर मोठा कागद, मधोमध उभी रेघ. डावीकडे माणसाचं भलं, उजवीकडे बुरं. दोन्हींना दहा-दहा मिनिटं, आणि टेबलावर स्वयंपाकघरातलं किल्लीचं घड्याळ. ते वाजलं की काका वाक्याच्या मधेच थांबत. एकदा 'आणि म्हणून त्याने आपल्या बायकोला' इथे ते वाजलं, तर त्या बायकोचं काय झालं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. दोन्ही बाजूंना शाई निळीच. मी एकदा बुऱ्यासाठी लाल पेन सुचवलं, तर म्हणाले, "लाल शाईत लिहिलं की बुरं जास्तच बुरं दिसतं. तो अन्याय झाला."

सगळ्यात मोठा नियम म्हणजे नाव शेवटी सांगायचं. तोवर फक्त 'हा गृहस्थ' किंवा 'ही बाई'. त्यांचं म्हणणं, नाव ऐकलं की माणसाचं डोकं बंद होतं. ती नावं मी इथेही लिहीत नाही. त्यांना आवडलं नसतं.

मी गेले त्या पहिल्याच शनिवारी एक उंच, लाल केसांचा गृहस्थ होता. सगळी माणसं जन्मतः समान आहेत, असं त्याने इतक्या सुंदर भाषेत लिहून ठेवलं की त्या वाक्यावर एक देश उभा राहिला. घड्याळ वाजलं. काकांनी उजवीकडे लिहायला घेतलं. ते वाक्य लिहिणाऱ्याच्या शेतावर शेकडो गुलाम राबत होते, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याने मरतानाही सोडलं नाही. निकम नावाचे गृहस्थ पहिल्या रांगेत बसत. सातारचे, पोस्टातून निवृत्त झालेले, आणि कुठल्याही पाकिटावर एकच पत्ता हवा अशा मताचे. ते म्हणाले, "म्हणजे माणूस चांगला की वाईट, ते सांगा ना एकदा."

"ते तुम्ही घरी जाऊन ठरवा, सातारा," काका म्हणाले. "बसमध्ये ठरवलंत तरी चालेल."

असे कितीतरी झाले. स्कॉटलंडच्या विणकराचा एक मुलगा होता. तो अमेरिकेत पोलादाचा राजा झाला आणि त्याने गावोगावी लायब्रऱ्या बांधून दिल्या. त्याच्याच कारखान्यात पगारकपातीवरून संप झाला तेव्हा गोळ्या चालल्या आणि माणसं मेली. स्वस्त मोटारी करणारा एक होता. त्याने कामगारांची मजुरी एका दिवसात दुप्पट केली आणि मग त्यांची घरं स्वच्छ आहेत का, ते दारू पितात का, हे बघायला घरोघरी तपासनीस पाठवले. "माझ्या सासूबाई," मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटलं. काकांनी ते ऐकलं आणि विचारलं, "पण मजुरी दुप्पट केली होती का त्यांनी?"

माई या वर्गाला कधीच येत नसत. त्या एका शाळेत डिनर लेडी होत्या. शे-दोनशे पोरांना रोज मटार वाढून त्यांचा स्वभाव रोखठोक झाला होता. म्हणायच्या, "घरात रोज ऐकते मी. परत तिथे जाऊन खुर्ची कशाला अडवू?"

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात युद्धाची हवा होती. तेव्हा निकमांनी मागणी केली की आता सध्याच्या अमेरिकन अध्यक्षावर वर्ग घ्या. काका म्हणाले, "माणूस मेल्यावर पन्नास वर्षं निवू द्यावा लागतो. हे अजून चुलीवर आहे. तोंड पोळेल." निकम तावातावाने उठून गेले आणि पुढच्या शनिवारी निमूट पहिल्या रांगेत येऊन बसले. युद्धाविरुद्ध मोठा मोर्चा निघाला तेव्हा माई आपल्या शाळेतल्या मैत्रिणींबरोबर गेल्या. काकांनी त्यांना स्टेशनपर्यंत सोडलं, चहाचा थर्मास दिला, मफलर नीट गुंडाळून दिला. संध्याकाळी त्या थकून, खूश होऊन परतल्या. तर यांनी विचारलं, "आणि ज्यांना युद्ध हवंय, त्यांच्यातलं कुणी भेटलं का?" माई दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यांच्या न बोलण्याचीही बाजू काकांनी समजून घेतली. त्याने त्या आणखीच चिडल्या.

मला बरेच दिवस वाटायचं, की हा निव्वळ विक्षिप्तपणा आहे. मग एकदा बाजारातून पिशव्या घेऊन येताना त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी त्यांना ज्यूरीवर बोलावलं होतं. घरफोडीचा खटला होता. "ज्यूरीच्या खोलीत काय झालं ते सांगायला कायद्याने बंदी आहे," ते म्हणाले, "म्हणून ते सांगत नाही. खोलीच्या बाहेरचं सांगतो. पहिल्या दिवशी आरोपीचं नाव वाचलं, आणि नाव ऐकल्याबरोबर माझ्या मनात निकाल लागला. पुढचे चार दिवस मी साक्षी ऐकत नव्हतो, दुपारच्या सँडविचची वाट बघत होतो." तो माणूस तुरुंगात गेला. दोन वर्षांनी पेपरात कोपऱ्यात बातमी आली की चोरी दुसऱ्याच कुणीतरी केली होती. काकांनी पिशव्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "दोन वर्षं, नागपूर. माझ्या सँडविचपायी."

त्यानंतर मी त्यांच्या निळ्या शाईला हसणं थोडं कमी केलं.

काका-माईंना एकच मुलगी, नंदिनी. ती इथेच जन्मली, वाढली, ग्लासगोला फार्मसिस्ट होती. नवरा समीर तिथेच हॉस्पिटलात डॉक्टर. पुण्याचा, देखणा, अतिशय गोड बोलणारा. त्यांची मुलगी इरा दोन वर्षांची होती. दोन हजार चारच्या ईस्टरला नंदिनी इराला घेऊन एकटीच आली. माईंनी मला खाली घावणे खायला बोलावलं होतं. मी स्वयंपाकघरात होते, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं. तसं ते माझ्यासमोर व्हायला नको होतं.

नंदिनीने चहाचा कप उचलला आणि तिची बाही मागे सरकली. मनगटावर निळंजांभळं झालं होतं. माईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

"तो मला ढकलला," नंदिनी म्हणाली. तिचं मराठी तसंच होतं, पण त्या दिवशी कुणाला ते चुकीचं वाटलं नाही. "फर्स्ट टाइम नाही आहे. माझी बँक कार्ड पण त्याच्याकडे असते. बाबा, तुम्ही काहीतरी बोला ना."

काकांचा चेहरा पांढरा पडला होता, हे मी पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि मग, तीस वर्षं तिकीट खिडकीत बसलेल्या आणि एकदा ज्यूरीत बसलेल्या त्या माणसाच्या तोंडून ते आलंच.

"समीरचं काय म्हणणं आहे?"

नंदिनीने बाही खाली ओढली. मग इंग्रजीत, अगदी हळू म्हणाली, "डॅड, आय ॲम नॉट वन ऑफ युअर अमेरिकन्स."

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. नोकरी होती, इराची नर्सरी होती, आणि बहुतेक, राहण्यासारखं काका काही बोललेही नव्हते. माई तिला राहा म्हणत होत्या, पण ती काकांकडे बघत होती. काका दारात उभे होते. ते मला नंतर म्हणाले, "मी समीरला फोन करून विचारणार आहे." विचारलंही. समीर चाळीस मिनिटं बोलला. त्याला कामाचा ताण होता, नंदिनी चिडकी झाली होती, ढकललं वगैरे काही नव्हतं, ती घसरली. काकांनी सगळं ऐकून घेतलं, आणि त्यानंतर तीन आठवडे ते नीट जेवले नाहीत. माई जेवण वाढत आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसत.

वर्ग चालूच होता. त्या महिन्यात त्यांनी एक बाई निवडली होती. गुलामीत जन्मलेली. लिहिता-वाचता न येणारी. एकटी रात्रीची चालत पळाली आणि मोकळी झाली. मग, आणि इथे काकांचा आवाज नेहमी थोडा उतरे, ती परत गेली. आईबाप, भाऊ, ओळखीचे-अनोळखी, एकेकाला आणायला पुन्हा पुन्हा त्याच नरकात परत गेली. डावी बाजू ओसंडून वाहत होती. पंचाईत उजव्या बाजूची होती. लायब्ररीतून सहा पुस्तकं मीच आणून दिली. ते जिन्यात भेटले की म्हणत, "बुऱ्याची साडेचारच मिनिटं होतायत गं. अन्याय होतोय."

"कुणावर?" मी विचारलं.

"ऐकणाऱ्यांवर," ते म्हणाले.

त्या शनिवारी ते वाचायचा चष्मा घरी विसरले. तो द्यायला माई आयुष्यात पहिल्यांदा लायब्ररीच्या वरच्या खोलीत आल्या आणि दाराशीच थांबल्या. उजव्या बाजूची दहा मिनिटं चालू झाली होती. काकांनी लिहिलं, सोबतचा कुणी घाबरून मागे फिरू लागला तर ती त्याला पिस्तूल दाखवायची. मग अगदी बारीक अक्षरात, जणू कागदाने वाचू नये म्हणून, त्यांनी लिहिलं, 'नवऱ्याला मागे सोडून गेली.'

"ही वायट गोष्ट?" मागून आवाज आला.

सगळे वळले. माई चिडल्या की त्यांचं मालवणी वर येई. त्या पुढे आल्या, चष्मा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या चेडवांक हाडूक ती बाई कितीदा परत गेली म्हणालास? आणि तुमका आपल्या एकुलत्या चेडवासाठी एकदा ग्लासगोक जावक जमना नाय? आग लागो तुमच्या ह्या तराजूक!"

चेडू म्हणजे मुलगी, एवढं मला कळलं. बाकीचं सगळ्यांना न कळताही कळलं. एरवी नवऱ्याला कधी अरे-तुरे न करणाऱ्या माई मध्येच 'म्हणालास' म्हणून गेल्या होत्या, ते त्यांच्याही लक्षात आलं नाही. घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. काका फळ्यासमोर उभे होते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, कागद काढून त्याची गुंडाळी केली आणि माईंबरोबर निघाले. घड्याळ मागेच राहिलं. ते थोड्या वेळाने रिकाम्या टेबलावर वाजलं, तेव्हा सगळे दचकले.

"पण बाई कोण होती, ते राहिलंच की," निकम जिन्यात म्हणाले.

रविवारी सकाळी काका यूस्टन स्टेशनहून ग्लासगोच्या गाडीत बसले. सोमवारी संध्याकाळी परतले ते नंदिनी, इरा, दोन सुटकेसा आणि एका कापडी जिराफासकट. मी दार उघडलं. काकांनी जिराफ माझ्या हातात दिला.

तिकडे काय झालं, ते त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. "नंदिनीने दार उघडलं आणि मला बघून पहिलं काय विचारलं, माहितीये? 'माई ठीक आहे ना?' नागपूर, मी तिच्यासाठी आलो असेन, हे तिच्या डोक्यातच आलं नाही." मग सोमवारी सकाळी समीर रात्रपाळी करून आला, पाया पडला, कॉफी केली आणि समजावून सांगू लागला. काकांनी सात मिनिटं ऐकलं. मग उठले, बूट घातले आणि नंदिनीला म्हणाले, "बॅग कुठे आहे?"

"काय म्हणत होता तो?" मी विचारलं.

"फार छान बोलला. मुद्देसूद. मला एकही चूक काढता आली नसती." त्यांनी चष्मा पुसला. "तरी मी बॅग उचलली. गाडीत बसल्यावर कार्लाइल स्टेशन येईपर्यंत मला घाम सुटला होता. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण न ऐकता उठलो."

माणूस एका प्रवासाने बदलतो वगैरे काही खरं नाही. वर्ग पुढे चालू राहिला, तीच रेघ, तीच शाई. नंदिनीच्या घटस्फोटाच्या केससाठी तिच्या वकीलबाईंनी काकांचं लेखी निवेदन मागितलं, तर यांनी दोन रकाने करून दिलं. डावीकडे जावयाचे गुण, अकरा. वकीलबाईंनी कागद परत केला आणि विचारलं, "मिस्टर पेडणेकर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने साक्ष देताय?" काका घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर नवा कागद घेऊन बसले. माई शेजारी बसून मटार सोलत होत्या. एकदाच त्यांनी वाकून पाहिलं. कागदाच्या मधोमध रेघ नव्हती. त्या सोलतच राहिल्या, पण त्या रात्री वर आमच्याकडे वाटीभर सोलकढी आली. नंदिनीला घर मिळालं, इरा तिच्याकडेच राहिली, आणि वर्षभरात तिला वेम्बलीजवळच नोकरी लागली. तिने वडिलांना त्या ईस्टरबद्दल माफ केलं का, ते मला माहीत नाही. ती त्यांच्याशी हवापाण्याचं बोलायची, आणि जाताना त्यांच्या कार्डिगनचं वरचं बटण लावून द्यायची.

मग अभयला केंब्रिजला काम मिळालं आणि आम्ही घर सोडलं. फोन होत राहिले, पुढे तेही विरळ झाले.

दोन हजार आठच्या जुलैत भाजी-मसाले घ्यायला आम्ही ईलिंग रोडला गेलो आणि अचानकच त्यांच्या घराची बेल वाजवली. माईंनी दार उघडलं, मिठी मारली आणि म्हणाल्या, "ते शाळेत गेलेत. इराचा स्पोर्ट्स डे आहे. जा, बघा जाऊन तमाशा."

शाळा दोन गल्ल्या पलीकडे. मैदानावर पालकांची गर्दी, दोऱ्यांच्या मागे खुर्च्या. आपल्याकडच्या लिंबू-चमच्यासारखी इकडे अंडं-चमच्याची शर्यत असते, अंड्याला बोट लावायचं नाही. सहा-सात वर्षांच्या मुली चमचे समोर धरून चालत होत्या. त्यात इरा होती, दोन वेण्या, जीभ बाहेर. दोरीला खेटून काका उभे होते. केस सगळे पांढरे झालेले, कार्डिगन तेच. आणि ते ओरडत होते. पेडणेकरकाका ओरडू शकतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. "पळ गो! तिच्याकडे बघू नकोस! पळ!"

इराने रेघ पहिली ओलांडली. आणि ओलांडताना तिचा अंगठा अंड्यावर अगदी घट्ट दाबलेला होता. आम्ही वीस फुटांवर होतो, आम्हालाही दिसला. दुसऱ्या आलेल्या मुलीचे आजोबा, एक सरदारजी, पुढे येऊन सभ्यपणे म्हणाले की लहान मुलं आहेत, पण थंब होता. शिक्षिका गोंधळली. तिने दोरीजवळच्या काकांना विचारलं, तुम्ही तर अगदी समोर होतात, तुम्ही काय पाहिलं?

"थंब?" पेडणेकरकाका म्हणाले. "अजिबात नव्हता. मी स्वतः पाहिलंय."

सरदारजी काहीतरी सांगू लागले. काकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. शिक्षिकेने इराच्या छातीवर सोनेरी स्टिकर लावला, आणि इरा धावत दोरीखालून आली ती थेट त्यांच्या पायांना बिलगली. मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कुजबुजली, "आजोबा, मी अंगठा लावली होती."

"माहितीये मला," ते म्हणाले, आणि वाकून त्यांनी तिचा निघू लागलेला स्टिकर नीट दाबून बसवला.